शनिवारचे वाचन

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या गावी श्रावण लागला की मारुतीच्या देवळात पोथी बसते. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. दरवर्षी पोथी तीच. लहानपणी मी आजीला विचारले होते, "ठाऊक असलेली पोथी पुन्हा कशाला ऐकतेस?" ती म्हणाली, "गेल्या साली तुझा आजा संगं बसला होता. औंदा न्हाई. तीच पोथी औंदा येगळी लागती."

मराठी बोलणारा आणखी एक समाज असेच वाचन करीत आला आहे. तो म्हणजे कोकणातील बेने इस्राएल. हे ज्यू लोक पूर्वी तेलाचा धंदा करीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. थोडे अजून येथे आहेत.

'तोरा' म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्याचे ५४ भाग पाडलेले आहेत. दर शनिवारी, चामड्याच्या हस्तलिखित गुंडाळीवरून, क्रमाने वाचन होते. वर्षअखेर शेवटचा भाग संपला की त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात.

कॉलेजच्या ग्रंथालयातील मराठी बायबलमध्ये मी हे ग्रंथ वाचले. 'शेमोथ' या भागात मिसरचा राजा फारो इस्राएली मजुरांना विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद करतो. पेंढा त्यांनीच गोळा करायचा, विटांची संख्या मात्र तेवढीच! हा भाग साधारण डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत येतो. त्या वेळी माझे आईवडील उसाच्या फडावर असतात. उचल घेतलेली असते. एक दिवस आजारी पडले तरी खाडा धरून पैसे कापतात. त्यामुळे ही कथा मला फार दूरची वाटली नाही.

शनिवारच्या विसाव्याची आज्ञा तोरामध्ये दहा आज्ञांत दोनदा येते, पण कारणे निराळी आहेत. 'यित्रो' भागात कारण असे, की देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला. श्रावणाच्या सुमारास येणाऱ्या 'वाएथहनन' भागात कारण असे, की तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता, हे विसरू नका. म्हणून दासदासींना, बैलाला, गाढवालाही त्या दिवशी काम नाही. आपल्याकडे बैलाला हा मान पोळ्याला मिळतो. तेथे तो दर आठवड्याला सांगितला आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे, या वाचनाचे आध्यात्मिक मर्म येथेच आहे. स्वतःचे जुने दुःख दरवर्षी आठवायचे, ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून.

गेल्या सुट्टीत हे मी वडिलांना वाचून दाखविले. त्यांनी विचारले, "बैलालाबी सुट्टी लिवलीय?" मी होय म्हणालो. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आन् खाडा कुणी भरायचा?"

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुन्हा वाचल्यावर ध्यानात आले, की ही आज्ञा मुख्यतः मजुराला नाही, ज्याच्या हाताखाली मजूर आहेत त्याला केलेली आहे. म्हणजे खाडा मजुराच्या माथी मारायचाच नाही. पट्टा पडल्यावर वडील घरी येतील, तेव्हा त्यांना हे सांगायचे आहे.