कुवेतचे ऊन आणि आपला सावळा वर्ण



भरपूर ऊन असलेल्या देशात ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव पडणार नाही, असा आपला समज असतो. कुवेतचे उदाहरण पाहिले की तो टिकत नाही. तेथे मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तरीही त्या देशात ही उणीव मोठ्या प्रमाणावर, विशेषतः स्त्रियांत, आढळली आहे. असे का व्हावे?

आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या व काळ्या माणसांत जवळपास सारख्याच असतात. फरक असतो तो रंगकणांच्या प्रमाणात व आकारात. हे कण सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतात. म्हणून सावळ्या माणसाची त्वचा उन्हाने सहसा लवकर भाजत नाही आणि त्वचेचा कर्करोगही त्याला कमी होतो. परंतु याच किरणांपैकी काहींच्या साहाय्याने त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व बनते. चोराला अडवणारा पहारेकरी पाहुण्यालाही दारात थांबवतो, तसे हे आहे. त्यामुळे सावळ्या त्वचेला तेवढ्याच जीवनसत्त्वासाठी अधिक वेळ ऊन लागते.

कुवेतमध्ये तो वेळ मिळत नाही. उन्हाळ्यात बाहेर पडणे कठीण. 1 जून ते 31 ऑगस्ट या काळात सकाळी 11 ते दुपारी 4 पर्यंत उघड्यावर काम करण्यास बंदीच असते. पुष्कळांचा दिवस वातानुकूलित घर, मोटार व कचेरी यांत जातो. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. अंगभर कपड्यांनी उरलेलेही अडते.

आपण कोकणातून नेगेवला आलो असू किंवा आपले कोणी आखाती देशांत असतील, हा धडा सर्वांना लागू आहे. हाडे दुखणे, जमिनीवरून उठताना किंवा जिना चढताना मांड्यांत जोर नसणे, यांना ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व थोडेच असते. तेव्हा तान्ह्या बाळाच्या थेंबांविषयीही विचारा, नाहीतर मुडदूस होण्याची भीती असते.

मात्र मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो. जेवणात अंड्याचा बलक, बांगडा व तारली असू द्यावी.