फोल्डर उघडून दाखव

"सर, क्लासवाले म्हणतात, तीन महिन्यांत मुलगा रिअ‍ॅक्टमध्ये अ‍ॅप बनवायला लागेल. फी भरू का?" निकाल लागले की हा प्रश्न घेऊन पालक येतात. मी मुलाला विचारतो, आजवर काय केलंस? तो लॅपटॉप उघडून एक बोधचिन्ह आणि एक बटण असलेलं पान दाखवतो. आईबाबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. ते मोडायला जिवावर येतं, पण सांगावंच लागतं: हे पान एका आज्ञेनं आयतं मिळतं.

टर्मिनलमध्ये 'एनपीएम क्रिएट वीट' असं टाइप केलं की प्रोजेक्टचं नाव विचारलं जातं, मग फ्रेमवर्क, मग जावास्क्रिप्ट की टाइपस्क्रिप्ट. उत्तरं दिली की काही क्षणांत अ‍ॅपचा सांगाडा तयार. इव्हान यू यांनी २०२० मध्ये आणलेलं वीट हे साधन मोफत आहे. 'वीट' हा फ्रेंच शब्द, अर्थ 'झटपट'. आपल्या कानाला मात्र घराचीच वीट ऐकू येते. मुरलेले प्रोग्रामरसुद्धा नवं काम असंच सुरू करतात, त्यामुळे मुलानं ते वापरलं यात काही गैर नाही. सांगाड्यात काय काय आहे, हे त्याला ठाऊक हवं.

म्हणून विद्यार्थ्यांनो, पहिल्यांदा फ्रेमवर्क घेऊच नका. 'व्हॅनिला' निवडा, त्यात टाइपस्क्रिप्ट. 'काउंटर' नावाची फाइल उघडा. जेमतेम दहा ओळी आहेत. बटण दाबलं की आकडा एकानं वाढतो. 'अधिक १'च्या जागी 'अधिक २' करून सेव्ह करा आणि ब्राउझरकडे बघा. आता शेवटून दुसऱ्या ओळीतल्या शून्याला अवतरणचिन्हं लावा, अधिक पुन्हा १ करा. बटण दाबल्यावर १ येत नाही, ०१ येतं, मग ०११. आकड्याचा मजकूर झाला आणि बेरजेऐवजी जोडाजोड सुरू झाली. एडिटरनं त्या ओळीखाली लाल रेघ ओढलेली असते, तरी पान चालूच राहतं, कारण वीट टाइप तपासत बसत नाही. 'एनपीएम रन बिल्ड' म्हणालात की मात्र टाइपस्क्रिप्टचा कंपायलर अडवतो आणि चूक कुठल्या ओळीत आहे तेही सांगतो. ही अडवणूक का झाली, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येणारा मुलगा मुलाखतीत सहसा गडबडत नाही.

पालकांनो, तुम्हाला कोडिंग येत नसलं तरी दोन गोष्टी विचारता येतील. 'पॅकेज डॉट जेसन'मध्ये काय लिहिलंय? आणि 'नोड मॉड्यूल्स' हे भलंमोठं फोल्डर उडवलं तर? ज्याला कळलंय तो तुमच्यासमोर ते बिनधास्त उडवेल, 'एनपीएम इन्स्टॉल' देईल आणि सगळं परत आणून दाखवेल. ज्यानं नुसती नक्कल केलीय, तो डिलीटचं बटण दाबायलाच घाबरेल.

साधनाच्या नावावर विकला जाणारा कोर्स घेताना जपून. फेसबुकनं २०१६ मध्ये 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' हे असंच सांगाडा बनवणारं साधन आणलं, कित्येकांचं शिक्षण त्यावरच सुरू झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्याच टीमनं नव्या अ‍ॅपसाठी ते बाद ठरवलं. ज्यांना फक्त ती आज्ञा पाठ होती त्यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. ज्यांना एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पॅकेजचा व्यवहार कळत होता, ते सहज वीटवर आले.

फीचा चेक लिहिण्याआधी मुलाला एक काम द्या. रिकामं फोल्डर घ्यायचं. 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' हातानं लिहायची, तिला एक स्क्रिप्ट जोडायची, वीट स्वतः इन्स्टॉल करायचं आणि पान चालू करायचं. तयार सांगाडा शेजारी उघडा ठेवला तरी चालेल, त्यात बघून शिकू दे. अडखळत केलं तरी सुट्टीचा एक दिवस पुरतो. ते फोल्डर घेऊन या, मग फीचं बोलू.