टेबलाला ठोकलेले स्थिरचित्र

स्थिरचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पितळी तांब्या, दोन वांगी आणि मागे सोडलेले निळे कापड उभे राहते. वस्तू हलायच्या नाहीत आणि चित्रानेही हलायचे नाही, असा जणू अलिखित करारच असतो. अमेरिकन चित्रकार स्टुअर्ट डेव्हिस (१८९२–१९६४) याने या कराराचा पहिला अर्धा भाग इतक्या कडकपणे पाळला की दुसरा आपोआप मोडला.

१९२७ साली त्याने विजेचा पंखा, रबरी हातमोजा आणि अंडी फेटण्याचे यंत्र टेबलाला खिळ्यांनी ठोकले आणि वर्षभर दुसरा विषयच घेतला नाही. निवड पाहण्यासारखी आहे. पंखा फिरतो, फेटणी आपल्या रवीसारखी घुमते, हातमोजा तर हातावाचून निरर्थक. जे हलण्यासाठीच घडवले, तेच त्याने जखडले!

यांतून झालेल्या 'एग बीटर' मालिकेतील चार चित्रांत (१९२७–२८) मूळ वस्तू जवळजवळ ओळखू येत नाहीत. दिसतात ती सपाट रंगांची, एकमेकांवर रेललेली प्रतले, तिरक्या कडा, मधूनच एखादी वक्ररेषा. छापील प्रतिकृती पाहून आमच्या वर्गातील एकाने विचारले, "वस्तू दाखवायच्याच नव्हत्या तर खिळ्यांचा खटाटोप कशाला? नुसते त्रिकोण-चौकोन काढायचे!"

प्रश्न टाळण्याजोगा नाही. मला वाटते, मनाने काढलेला त्रिकोण आपल्या सवयीचा असतो. समोर खरी वस्तू असली म्हणजे तिच्यातील आणि शेजारच्या वस्तूतील मोकळी जागा आपल्या लहरीने ठरत नाही. तीच मांडणी महिनोन्‌महिने पाहिल्यावर 'हा पंखा' ही ओळख गळून पडते आणि कोन, अंतरे, कडा तेवढ्या उरतात. डेव्हिसने वस्तूंचे रूप सोडले, त्यांचे परस्परांशी असलेले नाते सोडले नाही. गती येते ती या नात्यातून. दोन रंग शेजारी आले की एक पुढे सरकतो, दुसरा मागे हटतो. रंग म्हणजेच अवकाश, अशी त्याची धारणा होती. डोळा एका प्रतलावर टेकतो न टेकतो तोच त्याची तिरकी कड त्याला पुढे ढकलते. इटालियन भविष्यवाद्यांप्रमाणे हालचालीचे टप्पे एकापुढे एक काढण्याची गरजच पडत नाही.

ही दृष्टी एकाएकी आली नाही. न्यूयॉर्कच्या १९१३ मधील आर्मरी प्रदर्शनात विशीतल्या डेव्हिसची स्वतःची पाच जलरंगचित्रे होती आणि तेथेच त्याला मातिस, गोगँ भेटले. पॅरिसला मात्र तो १९२८ मध्ये गेला.

या मालिकेत थोडा कोरडेपणा आहे, हे नाकारता येत नाही. जॅझच्या या वेड्याचा ठेका मला ऐकू येतो तो 'लिटल जायंट स्टिल लाइफ' (१९५०) मध्ये. येथे फळ नाही, भांडे नाही. आगकाड्यांच्या पाकिटावरील स्पार्क प्लगच्या जाहिरातीतून उचललेला 'चॅम्पियन' हा एकच शब्द! पण त्याची अक्षरे आणि त्यांमधल्या जागा अशा काही धक्काबुक्की करतात की शब्द वाचायचेच राहून जाते. १९५१ च्या 'व्हिसा'त तोच शब्द त्याने पुन्हा नव्या रंगांत मांडला.