समाजमाध्यमे आणि सत्याची पारख

इतिहास शिकवताना आम्ही पहिला धडा देतो तो साधनांच्या चिकित्सेचा. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कोणत्या हेतूने लिहिला, हे तपासल्यावाचून त्यातील मजकूर पुरावा ठरत नाही. हाती मोबाइल आलेल्या आजच्या पिढीला हा धडा पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाला आहे.

वृत्तपत्राला संपादक असतो. १९२७ साली सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'चे संपादक स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. छापलेल्या शब्दामागे नाव होते आणि उत्तरदायित्वही होते. फेसबुकसारख्या माध्यमावर कोणती पोस्ट कोणापुढे आधी यावी, हे मात्र एक गणिती कार्यपद्धती ठरवते. तिलाच अल्गोरिदम म्हणतात. वाचक कशावर थांबला, त्याने कशाला प्रतिसाद दिला, काय पुढे पाठवले, याची नोंद ठेवून तो अधिक काळ खिळून राहील असा मजकूर ती वर आणते. कारण कंपनीचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून असते. २०१७ पासून काही काळ फेसबुकच्या या मोजणीत रागाच्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन होते. ज्या मजकुराने संताप उसळतो तो वर चढतो. तो खरा की खोटा, हा प्रश्न त्या मोजणीत येत नाही.

याचे परिणाम किती भीषण होऊ शकतात, हे म्यानमारने दाखवून दिले. हा बौद्धबहुल देश आपल्याला परका नाही. १९५४ साली रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेस बाबासाहेब उपस्थित होते. २०१४च्या सुमारास तेथे सिमकार्ड एकाएकी स्वस्त झाले आणि असंख्य लोकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये मंडाले शहरात, एका मुस्लिम चहा-दुकानदाराने बौद्ध तरुणीवर बलात्कार केल्याची बातमी फेसबुकवर पसरली. विराथू या भिक्खूनेही ती प्रसृत केली. दंगलीत दोन माणसे मारली गेली, एक बौद्ध आणि एक मुस्लिम. आरोप रचलेला होता, हे नंतर उघड झाले. पुढे २०१७च्या लष्करी कारवाईनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळून जावे लागले. फेसबुकचा द्वेषप्रसारासाठी वापर झाला, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये काढला. तो रोखण्यासाठी आपण पुरेसे केले नाही, हे कंपनीनेही मान्य केले.

हे सारे यंत्राने घडवले, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवणारा कायदा १९८२चा आहे. द्वेष जुनाच होता. यंत्राने त्याला वेग दिला. स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्यांनी त्याला खतपाणी घातले, हेही आपण झाकून ठेवता कामा नये.

केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. चीवरधारी व्यक्तीने पाठवलेला संदेशही त्याला अपवाद नाही. चौथे शील असत्य वचनापासून परावृत्त राहण्याचे आहे. न तपासता पुढे पाठवलेल्या असत्याची जबाबदारीही आपलीच असते.

म्हणून विद्यार्थ्यांनी प्रत्येक संदेशाला चार प्रश्न विचारावेत :

१. हे प्रथम कोणी सांगितले?
२. चित्र वा चित्रफीत कोठली आणि केव्हाची आहे?
३. दुसऱ्या स्वतंत्र साधनाचा याला दुजोरा आहे काय?
४. हे वाचून माझ्या मनात कोणाविषयी द्वेष उत्पन्न होतो, आणि त्याचा लाभ कोणाला?

आपल्या विरोधातील संदेश आपण सहज तपासतो. खरी कसोटी लागते ती आपल्या बाजूच्या संदेशापाशी. आपल्या समाजावरील अन्यायाची बातमी असेल, तर ती अधिकच काटेकोरपणे तपासली पाहिजे. कारण एक खोटा पुरावा शंभर खऱ्या तक्रारींवर अविश्वास ओढवून आणतो. बाबासाहेबांनी आपली बाजू सदैव पुराव्यानिशी मांडली. तीच शिस्त या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंगी बाणावी, हीच आमची मंगल कामना.