दगडावरील दोन तारखा

रणात पडलेल्या वीरांच्या स्मारकावर आपण बहुधा एकच तारीख वाचतो. ती लढाईची असते. परंतु प्रत्येक स्मारकास आणखी एक तारीख असते, कधी कोरलेली, कधी न कोरलेली. ती म्हणजे ते स्मारक उभे राहिल्याची. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोहोंमधील अंतर मोजावे आणि ते का पडले हे विचारावे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची स्मारके या अभ्यासास फार उपयोगी आहेत.

हे युद्ध १९ एप्रिल १७७५ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतात सुरू झाले. (इंग्रज व मराठे यांच्या पहिल्या युद्धास तोंड लागले तेही याच वर्षी.) काँकर्ड गावी साठविलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी सुमारे सातशे इंग्रज शिपाई बॉस्टनहून निघाले होते. वाटेत लेक्झिंग्टनच्या सामाईक मैदानावर कॅप्टन जॉन पार्कर याच्या हाताखाली सुमारे सत्याहत्तर गावकरी बंदुका घेऊन उभे राहिले. पहिली गोळी कोणी झाडली, याचा निर्णय आजतागायत लागलेला नाही. गावकऱ्यांपैकी आठ ठार व दहा जखमी झाले.

१७९९ साली, म्हणजे अवघ्या चोवीस वर्षांनी, प्रांताच्या खर्चाने त्याच मैदानावर स्तंभ उभा राहिला. त्यावरील लेख गावचे धर्मोपदेशक जोनस क्लार्क यांनी रचला. त्यात आठही नावे आहेत. सात लेक्झिंग्टनची आणि आठवे शेजारच्या वोबर्न गावच्या एसाहेल पोर्टरचे. इतक्या लवकर दगड बसला यात नवल नाही. मेलेल्यांना ओळखणारी माणसे गावात अजून नांदत होती.

त्याच सकाळी प्रिन्स एस्टाब्रूक नावाचा एक कृष्णवर्णी गुलामही या गावकऱ्यांच्या रांगेत होता. तो जखमी झाला, पण वाचला. स्तंभ मृतांचा असल्याने त्यावर त्याचे नाव नाही, याबद्दल तक्रार करता येणार नाही. तथापि त्याच्या नावाची शिळा मैदानाजवळ बसली ती २००८ साली. हे अंतर दोनशे तेहतीस वर्षांचे आहे, आणि ते केवळ विस्मरणाचे आहे असे मला वाटत नाही. स्वातंत्र्यासाठी गुलाम लढला, हे दगडावर लिहिणे सोपे नव्हते.

काँकर्डची गोष्ट याहून मौजेची आहे. तेथे नदीवरील उत्तरेच्या पुलापाशी त्याच दिवशी दुसरी चकमक झाली. पुलाच्या एका तीरावर इंग्रज होते, दुसऱ्या तीरावर गावकरी. पुढे १७९३ साली तो पूल काढून टाकण्यात आला. १८३६ साली तेथे निमुळता दगडी स्तंभ उभारला, तो नेमका इंग्रज उभे होते त्या तीरावर! स्तंभावरील लेखच सांगतो की, येथे आक्रमक सेना उभी होती व आपले लोक पलीकडे होते. शत्रूच्या जागेवर आपले स्मारक, ही गोष्ट एबेनेझर हबर्ड नावाच्या गावकऱ्यास इतकी लागली की, त्याने पलीकडच्या तीरावर स्मारक व्हावे म्हणून मृत्युपत्राने पैसे ठेवले. म्हणून लढाईच्या शतसांवत्सरिक दिनी, १८७५ साली, पूल पुन्हा बांधून पलीकडे एका शेतकरी शिपायाचा पुतळा उभा करण्यात आला. त्याचा एक हात नांगरावर व दुसऱ्या हातात बंदूक आहे. डॅनियल चेस्टर फ्रेंच या पंचविशीतील शिल्पकाराचे हे काम असून, पुतळ्याचा धातू जुन्या तोफा वितळवून मिळविला होता. पुलावर पडलेले आयझॅक डेव्हिस व ॲब्नर हॉस्मर हे मात्र ॲक्टन गावचे. त्या गावाने १८५१ मध्ये त्यांच्या अस्थींवर आपल्याकडे पंचाहत्तर फूट उंचीचा स्तंभ उभारला.

पुलाशेजारीच दोन इंग्रज शिपाई पुरलेले आहेत. कित्येक वर्षे त्यांच्या डोक्याशी व पायाशी केवळ ओबडधोबड दगड होते. १९१० साली तेथे लेख बसला, आणि त्यावरील ओळी जेम्स रसेल लोवेल या अमेरिकन कवीच्याच आहेत. त्या शिळेवर शिपायांची नावे नाहीत.

नावे नसलेल्यांची संख्या खरोखर पाहावयाची असेल तर न्यूयॉर्कला ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर जावे. तेथे वॉलबाऊट उपसागरात इंग्रजांनी मोडकळीस आलेल्या जहाजांत कैदी कोंडले होते. ‘जर्सी’ हे त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध जहाज. उपासमार व रोगराई यांनी सुमारे साडेअकरा हजार माणसे मेली असे मानतात. रणांगणावर पडलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. इंग्रजांच्या चाकरीत शिरणाऱ्यास सुटका मिळे; बहुतेकांनी ती पत्करली नाही. १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज शरण आली (हाच गृहस्थ १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला), तरी ही जहाजे १७८३ पर्यंत तेथेच होती. उथळ पुरलेल्या प्रेतांच्या अस्थी पुढे वर्षानुवर्षे किनाऱ्यावर उघड्या पडत. १८०८ साली त्या गोळा करून एका तळघरात ठेवल्या, १८७३ मध्ये फोर्ट ग्रीन उद्यानात हलविल्या, आणि १९०८ साली त्यांच्यावर एकशे एकोणपन्नास फूट उंचीचा स्तंभ उभा राहिला.

फिलाडेल्फियाच्या वॉशिंग्टन चौकाखालीही त्या युद्धातील असंख्य मृत पुरलेले आहेत. १९५६ साली तेथे खोदकाम होऊन सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाचा सांगाडा निवडण्यात आला. कवटीस जखम होती. ती बंदुकीच्या गोळीची असावी. तो वॉशिंग्टनच्या सैन्यातील की इंग्रजांच्या, हे खात्रीने ठरविता आले नाही. त्याचीच अज्ञात सैनिक म्हणून १९५७ मध्ये समाधी पूर्ण झाली. मागे वॉशिंग्टनचा पुतळा आहे आणि समोर ज्योत तेवत ठेवलेली असते.