वादळानंतरचा पंचनामा

वादळ होऊन गेलं की 'आपत्ती जाहीर करा' अशी मागणी होते. पण जाहीर केल्यावर नेमकं होतं काय?

अमेरिकेत आधी शहर किंवा काउंटी आणीबाणी जाहीर करते. त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं की गव्हर्नर, आणि मग 1988 च्या स्टॅफर्ड कायद्याखाली गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांकडे मदत मागतो. आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कलम 34 प्रमाणे प्राधिकरण वाहतूक रोखू शकतं, ढिगारे हटवू शकतं. कलम 50 प्रमाणे तातडीची खरेदी टेंडरशिवाय करता येते. म्हणजे यंत्रणेला वेग येतो. पण नुकसानभरपाई मिळते ती पंचनाम्यावर.

3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धनला माझ्या आजोळची पोफळीची वाडी आडवी झाली. मामा कोयता घेऊन निघाला, तर आजी म्हणाली, "थांब रे, आधी तलाठ्याला मोजू दे." तेव्हा मला तिचा रागच आला होता. आता कळतं, पडलेली झाडं हाच आमचा पुरावा होता.

होस्टेलवरून घरी फोन कराल तेव्हा एवढं सांगून ठेवा: आवरण्याआधी फोटो काढा आणि पंचनामा वाचूनच सही करा.