वाळूतील ठेव

नागपूरच्या मुलांना समुद्र भेटतो तो बहुधा पुस्तकात किंवा चित्रात. मुंबईचा किनारा येथून शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा समुद्रातील एखाद्या प्राण्याच्या रक्षणाशी आपला काय संबंध, असे तुमच्यापैकी कोणी विचारील. मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी आपण कोकणच्या किनाऱ्यावर जाऊ.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे लहानसे गाव आहे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. हिवाळ्यातील एखाद्या रात्री येथील पुळणीवर एक जड प्राणी हळूहळू वर सरकताना दिसतो. ती असते ‘ऑलिव्ह रिडले’ जातीच्या समुद्री कासवाची मादी. आपले सुमारे चाळीस किलो वजनाचे शरीर वल्ह्यांसारख्या पायांनी ओढीत ती भरतीच्या रेषेपलीकडे कोरड्या वाळूत जाते. मागील पायांनी हातभर खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून तो बुजविते आणि समुद्राकडे परत फिरते. पिलांसाठी ती थांबत नाही. तिने आपली ठेव वाळूच्या स्वाधीन केलेली असते.

वाळूची ऊब सुमारे पन्नास दिवस त्या अंड्यांना उबविते. मग पिले वर येतात व जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात. रात्री समुद्राचे क्षितिज उजळ दिसते, म्हणून ती पाण्याकडे जातात. किनाऱ्यावर विजेचे दिवे असले, तर मात्र ती फसतात व गावाकडे वळतात. वाटेत कोल्हे, कुत्री, खेकडे, घारी टपलेली असतातच. हजार पिलांतून एखादेच मोठे होते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हा कठोर हिशेब निसर्गाने लाखो वर्षे जुळवून घेतला. त्यात माणसाचा हात पडला, तेव्हा तो बिघडला. लोक अंडी उकरून खाऊ व विकू लागले. किनाऱ्यांवर बांधकामे उठली. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. मोठ्या जाळ्यात अडकून त्याला वर येता आले नाही, तर ते पाण्यातच गुदमरते.

यावर उपाय म्हणून कायदे झाले. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वांत कडक संरक्षण दिले आहे. त्याला मारणे तर गुन्हा आहेच, पण त्याची अंडी उचलणे किंवा घरटे विस्कटणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. परंतु प्राणी वाचविला आणि त्याचे घर मोडले, तर काय उपयोग? म्हणून १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. १९९१ साली किनाऱ्यावरील बांधकामांना मर्यादा घालणारे नियम आले. पुढे त्यांत बदल झाले, तरी कासवांच्या विणीच्या जागा आजही त्यांतील सर्वाधिक जपावयाच्या भागात मोडतात.

तथापि, कायदा होऊन तीस वर्षे लोटली, तरी कोकणात अंडी चोरीस जातच होती. रात्रीच्या अंधारात प्रत्येक पुळणीवर शिपाई कोठून उभा करणार? २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वेळासच्या ग्रामस्थांना बरोबर घेऊन काम आरंभिले. वाळूवरील माग पाहून अंडी शोधण्याची विद्या गावात होतीच; आता ती रक्षणासाठी वापरली जाऊ लागली. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत, तशाच खड्ड्यात ठेवावयाची. पिले निघाली की ती समुद्राजवळ सोडावयाची. हा सोहळा पाहण्यास पाहुणे येऊ लागले, गावातील घरांत उतरू लागले व गावाला चार पैसे मिळू लागले. मच्छीमारांचाही विचार झाला. जाळे कापून संरक्षित प्राण्याची सुटका करणाऱ्यास २०१८ सालापासून शासन पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देऊ लागले. गरिबाच्या पोटाचा विचार केला, तरच कायदा त्याला आपला वाटतो.

ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण लावलेली एक मादी २०२५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरचा पाहुणा पश्चिम किनाऱ्यावर आला! कासव राज्यांच्या सीमा जाणत नाही. म्हणून त्याच्या रक्षणाचा कायदाही साऱ्या देशाचा असावा लागतो.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. या कायद्याची राज्यातील अंमलबजावणी पाहणाऱ्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. शिवाय आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत व गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. आज नागेत टाकलेली प्लास्टिकची पिशवी उद्या समुद्रात जाऊ शकते, आणि कासव तिला खाद्य समजून गिळते. १९७६ साली आपल्या संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. वने, तळी, नद्या व वन्यजीव यांचे रक्षण करणे हे त्यांपैकीच एक. ते पार पाडण्यास समुद्रकाठी राहावे लागत नाही.

शब्दार्थ
पुळण – समुद्रकाठचा वाळूचा पट्टा. ठेव – विश्वासाने सोपविलेली वस्तू. वीण – प्रजनन. माग – पावलांची खूण.

स्वाध्याय
१. कासवाच्या पिलांना विजेच्या दिव्यांपासून धोका का असतो?
२. कायदा असूनही अंडी चोरीस का जात होती? वेळासमध्ये काय बदलले?
३. ‘गरिबाच्या पोटाचा विचार केला, तरच कायदा त्याला आपला वाटतो.’ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या गावाजवळच्या नदीचे पाणी कोणत्या समुद्रास मिळते, ते नकाशात शोधा.